हॅलोवीनची भीती वाटणारं इथे आणखी कुणी आहे का?

आंबटचुका | २४ सप्टेंबर २०२४

आधीच सांगते, हसू नका. मला हॅलोवीनची भीती वाटते. आवडत नाही असं नव्हे, भीतीच. मुक्काम न्यू जर्सी, वय छत्तीस. रात्री-अपरात्री एकटी गाडी चालवते, झुरळ चपलेने मारते. पण सप्टेंबर लागला की दुकानांच्या दारात मुखवटे, लटकते सांगाडे आणि जवळून गेलं की डोळे लाल करून ओरडणारे पुतळे येतात आणि माझे हात गार पडतात. घशाला कोरड, छातीत धडधड, पाय आपोआप मागे. मागच्या वर्षी एका मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात बल्ब आणायला गेले होते. वळणावर सेन्सरवाली चेटकीण किंचाळली आणि मी ट्रॉली तिथेच टाकून गाडीत येऊन बसले. बल्ब नंतर नवऱ्याने आणले.

तेव्हापासून या दिवसांत किराणा घरपोच मागवते. ऑफिसला लांबच्या रस्त्याने जाते, कारण जवळच्या गल्लीत कोपऱ्यावरच्या घराने छपराला टेकेल एवढा सांगाडा उभा केलाय. ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी पोर्चचा दिवा बंद, मागच्या खोलीत टीव्ही मोठ्याने लावून आम्ही घरात नसल्यासारखे बसतो.

यंदा दोन अडचणी आहेत. लेकीला मांजराचा वेश करून इतर पोरांसारखं दारोदार चॉकलेटं मागत फिरायचंय, तिला आता सगळं कळायला लागलंय. आणि इथल्या पंचांगाप्रमाणे लक्ष्मीपूजन नेमकं ३१ च्या संध्याकाळी आलंय. लक्ष्मी यायच्या वेळेला घर अंधारात ठेवू? आणि दारात कंदील लावला तर अख्ख्या गल्लीला निरोप जाणार की या घरात चॉकलेटं मिळतात. इथे दिवा म्हणजे आमंत्रण. म्हणजे दारात भुतं येणार आणि दार मी उघडायचं.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. नवरा म्हणतो, "अगं प्लास्टिक आहे." मलाही ठाऊक आहे प्लास्टिक आहे. ठाऊक असून काही फरक पडत नाही, हेच तर दुखणं आहे. कुणी यातून गेलंय का? काय केलंत?

घाटमाथा | २४ सप्टेंबर

हसलो नाही. (लक्ष्मी आणि ड्रॅक्युला एकदम बेल वाजवताहेत या चित्राला थोडासा हसलो.)

माझी हयात शिकागोच्या उपनगरात गेली. आम्ही आलो तेव्हा हे प्रकरण एवढं नव्हतं. पायरीवर एक कोरलेला भोपळा, खिडकीत कागदी वटवाघूळ, संपलं. मूळ आयर्लंड-स्कॉटलंडकडचं. तिकडे सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे. १८४० च्या दशकात बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला, आयरिश लोक लाखोंनी इकडे आले आणि इथे त्यांना कोरायला सोपा भोपळा मिळाला. १ नोव्हेंबर हा चर्चचा सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर मृतांच्या स्मरणाचा. त्यातल्या पहिल्या दिवसाच्या आदल्या रात्रीचा हा सण. थोडक्यात त्यांचा पितृपक्षच म्हणा, पोरांच्या हाती गेलेला.

तुमच्या कोपऱ्यावरचा सांगाडा बहुतेक होम डेपो या हार्डवेअरच्या दुकानाचा १२ फुटी असणार. तो २०२० मध्ये आला आणि लोकांना वेडच लागलं. आता मालक त्याला ख्रिसमसला लाल टोपी घालतात, म्हणजे उतरवायचं नावच नाही. बंद पडलेल्या दुकानांच्या गाळ्यांत ऑगस्टपासून हॅलोवीनचीच दुकानं थाटतात. एका संध्याकाळचा सण अडीच महिन्यांचा केलाय व्यापाऱ्यांनी.

हे सगळं वाचा, माहिती करून घ्या. माहिती झाली की भीती जाते.

बेधडक | २५ सप्टेंबर

एवढा त्रास होत असेल तर परत या. आपल्याकडे असली थेरं नाहीत.

शिमग्याचा_गडी | २५ सप्टेंबर

@बेधडक, असली थेरं नाहीत? शिमग्यात गुहागरला या, मुक्काम माझ्या घरी. आमच्याकडे संकासुर येतो. अंगभर काळे कपडे, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तो वाडीत शिरला की पोरं सैरावैरा. माझा चुलतभाऊ माळ्यावर भाताच्या कणगीमागे लपायचा आणि घुंगरांचा आवाज पार खालच्या आळीत गेला तरी उतरायचा नाही. मोठी माणसं पोट धरून हसायची. "बाहेर ये रे, काही करत नाही तो" म्हणत त्याला ओढून आणायची आणि संकासुरापुढे उभं करायची. पुढच्या वर्षी भाऊ आदल्या दिवसापासूनच जेवायचा नाही.

त्याच्या बाबतीत एकच गोष्ट कामाला आली. काकी त्याला मागच्या पडवीत घेऊन गेली. तिथे तो संकासुर टोपी मांडीवर ठेवून बशीतून चहा पीत बसला होता. निघाला आमच्याच वाडीतला सुतार. भावाने लांबूनच बराच वेळ न्याहाळलं, मग जवळ जाऊन घुंगरांना हात लावून बघितला. भीती त्याच दिवशी गेली नाही, पण जेवण सुटायचं थांबलं.

निवळी | २६ सप्टेंबर

मी पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. धाग्यावर कुणाचं निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण आंबटचुका यांनी जे लिहिलंय ते आमच्या रोजच्या कामातलं आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

नेटवर याला सॅमहेनोफोबिया असं भारदस्त नाव सापडेल. निदानाच्या पुस्तकात तो वेगळा आजार म्हणून नाही. तिथे आहे स्पेसिफिक फोबिया, म्हणजे एका ठरावीक गोष्टीची वा प्रसंगाची, धोक्याच्या मानाने फार मोठी भीती. ती साधारण सहा महिने वा जास्त टिकलेली असते, आणि तिच्यामुळे माणूस टाळाटाळ करू लागतो, रोजचं जगणं अडतं. डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात याचे गट पाडलेत. त्यातल्या "इतर" गटात लहान मुलांची मोठ्या आवाजांची आणि वेश केलेल्या पात्रांची भीती उदाहरण म्हणून चक्क छापलेली आहे. म्हणजे तुम्ही काही जगावेगळ्या नाही.

घाटमाथा, तुमची माहिती मला आवडली, पण माहितीने फोबिया सहसा जात नाही. विचार करणारा मेंदू "प्लास्टिक आहे" म्हणेपर्यंत धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाने हृदय, घाम, पाय सगळं कामाला लावलेलं असतं. म्हणून यजमानांचं वाक्य खरं असूनही निरुपयोगी आहे.

आता त्या ट्रॉलीकडे बघा. तुम्ही ती टाकून गाडीत बसलात आणि हायसं वाटलं. ते हायसं वाटणं हेच भीतीचं खतपाणी. मेंदूने नोंद केली: पळाले म्हणून वाचले. तुम्ही तिथेच थांबला असतात तर काय झालं असतं हे त्याला कळलंच नाही. मग घरपोच किराणा, लांबचा रस्ता, बंद दिवा. प्रत्येक वेळी तीच नोंद पक्की होते.

सणाच्या भीतीत आणखी एक गोम असते. लिफ्टची भीती असलेल्याला लिफ्ट रोज भेटते. तुमची भीती नोव्हेंबरात पेटीत जाते, तुम्हाला वाटतं गेली, आणि सप्टेंबरात ती तशीच्या तशी बाहेर येते. मधल्या काळात तिला कुणी हातच लावलेला नसतो.

उपाय जुना आणि भरपूर तपासलेला आहे: भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जाणं, म्हणजे एक्स्पोजर. १९२४ मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलावर केलेलं काम प्रसिद्ध आहे. मुलाला आवडीचं खायला द्यायचं आणि पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाशी खेळू लागला. काकींनी पडवीत जे केलं ते फार वेगळं नव्हतं. आणि अंगणात ओढून आणणं हे त्याच्या नेमकं उलट. पायरी चढायची की नाही हे घाबरणाऱ्याने ठरवायचं असतं.

आधी एकच काम करा. "हॅलोवीन" हा मोठा शब्द बाजूला ठेवून नेमकं कशाला घाबरता ते शोधा. सांगाडा? रक्त? आवाज? झाकलेला चेहरा? अचानकपणा? त्यावर पुढचं सगळं ठरतं.

ओसरी | २६ सप्टेंबर

निवळी, माझी भर. मला मुखवट्यांचं काही नाही, पण खोटं रक्त बघून ऑफिसच्या पार्टीत मी सरळ आडवा झालो होतो. लोकांना वाटलं मी नाटक करतोय, टाळ्या वाजवल्या. दीर्घ श्वास वगैरे घेतले की उलट लवकर चक्कर येते.

निवळी | २७ सप्टेंबर

ओसरी, तुमचा गट वेगळा. बहुतेक फोबियांत नाडी आणि रक्तदाब वाढतो, माणूस बेशुद्ध पडत नाही. रक्त-जखम-इंजेक्शनच्या भीतीत आधी वाढतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून भोवळ येते. तिथे अंग सैल सोडणं कामाचं नाही, ताणायचं. दंड, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद आवळा, चेहऱ्याला ऊब जाणवली की सोडा, पण पार ढिले पडू नका. वीस-तीस सेकंद थांबा, पुन्हा आवळा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्ट यांनी ही रीत बसवली. एरवी कधी चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.

आंबटचुका | ३० सप्टेंबर

शनिवार-रविवार विचार केला, कागदावर लिहून काढलं. गंमत म्हणजे भोपळ्यांचं मला काहीच नाही. कोळ्याची जाळी, थडगी, नुसता सांगाडा, हेही चालतं (मोठा सोडून). मला भीती आहे ती पूर्ण झाकलेल्या चेहऱ्याची. आतला माणूस कुठे बघतोय, हसतोय की नाही, काही कळत नाही. आणि दुसरं, अचानक कानावर येणाऱ्या किंचाळीची. कागदावर उतरवल्यावर सणाचा बराच भाग माझ्या भीतीत नाहीच, हे मला आजवर दिसलं नव्हतं.

नवऱ्याने धागा वाचला. आता "प्लास्टिक आहे" म्हणत नाही. "किती वाजलेत?" असं विचारतो, म्हणजे दहापैकी भीती किती. हे कुठून शिकला विचारलं तर म्हणे युट्यूब.

टेक्सासची_ताई | १ ऑक्टोबर

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मुखवटा घातलेला स्वतःचा बाप त्याला बाप वाटायचा नाही. आम्ही मुखवटा त्याच्यासमोर चढवायचो आणि काढायचो. चढव, काढ, चढव, काढ. मग मुखवटा त्याच्या हातात. मग त्यानेच बापाला चढवायचा. मुखवट्यामागे माणूस शिल्लक राहतो हे सांगून कळत नाही, बघून कळतं.

३१ साठी माझी युक्ती घे. दार उघडायचंच नाही. ड्राइव्हवेच्या तोंडाशी घडीचं टेबल टाक, खुर्ची टाक, चॉकलेटचं पातेलं समोर. बेल नाही, दचकणं नाही. येणारा प्रत्येक जण लांबून दिसतो, तुला तयारीला वेळ मिळतो. साडेचार-पाचपासून चिमुरडी येतात, त्यांच्या तोंडावर मुखवटेच नसतात, नुसते रंगवलेले गाल. दांडगी पोरं अंधार पडल्यावर. तुमच्याकडे त्या सुमारास सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे प्रदोष तेव्हाच लागणार. दिवसाउजेडी बाहेर बस, सूर्यास्ताला पातेल्यावर "दोन-दोन घ्या" चिठ्ठी लावून पूजेला आत ये. कंदील खुशाल लाव. पणत्या मात्र रस्त्याच्या बाजूला बॅटरीच्याच ठेव, पोरांचे झगे भुईवर लोळत असतात.

आणि तिथली मंडळी विषारी चॉकलेटांच्या गोष्टी सांगतीलच, तेव्हा लेकीला सोडायला घाबरू नको. जोएल बेस्ट नावाचे समाजशास्त्रज्ञ १९८० च्या दशकापासून या बातम्या तपासताहेत. अनोळखी माणसाने वाटेल त्या मुलाला विषारी गोळी देऊन मारल्याचा एकही खात्रीचा प्रकार त्यांना सापडलेला नाही. आमच्या टेक्सासमध्येच १९७४ साली एक मुलगा सायनाइडने गेला, पण विष देणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. खरा धोका गाड्यांचा. २०१९ मध्ये जामा पेडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला होता, त्यात इतर संध्याकाळींच्या तुलनेत हॅलोवीनला पादचारी मृत्यूंचा धोका ४३ टक्के जास्त निघाला. मांजर काळी असेल तर शेपटीला चमकती पट्टी लाव.

घाटमाथा | १ ऑक्टोबर

मान्य, माहितीने भीती जात नाही. पण ताईंनी दिलेल्या माहितीने माझी एक भीती आत्ताच गेली. इतकी वर्षं नातवंडांची चॉकलेटं दिव्याखाली धरून तपासतोय.

एक शंका मात्र आहे. थोडी कळ काढायला शिकवायला नको का पोरांना? आम्हाला कुणी पायऱ्या बांधून दिल्या नव्हत्या.

पणजीकर | २ ऑक्टोबर

घाटमाथा, कळ काढणं आणि कोंडून मार खाणं यात फरक आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री चौकाचौकांत नरकासुर उभे असतात, एकेक दोन मजली. सुळे, लोंबती जीभ, रात्रभर कानठळ्या बसवणारं संगीत, पहाटे दहन. माझी मुलगी त्या रात्री उशीत तोंड खुपसून बसायची. तिला दहनाला नेलं नाही. त्याच्या आधी पंधरा दिवस वाड्यावरच्या मुलांकडे नेत राहिलो. तिथे नरकासुर म्हणजे नुसता बांबूचा सांगाडा होता, मग त्यात गवत भरलं, मग कागद चिकटवला. एक हात तिने स्वतः खळीने चिकटवला. तोंड लागलं तेव्हा ती म्हणाली, "याचा हात मी केलाय." आवाजाला अजून घाबरते. कापूस घालते कानात आणि लांबून बघते. मला चालतं.

आंबटचुका | १४ ऑक्टोबर

ताजा हालहवाल. माझ्या पायऱ्या अशा झाल्या: मुखवट्याचे फोटो फोनवर बघणे, मग आवाज बंद करून व्हिडिओ, मग आवाजासह. मग नवरा माझ्यासमोर मुखवटा चढवणार आणि बोलत राहणार. मग दुकानाच्या काचेबाहेरून. मग आत. निवळींनी व्यक्तिगत निरोपात सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी आधी लिहिते की काय होईल असं वाटतंय, आणि नंतर लिहिते की काय झालं. "मी किंचाळेन आणि सगळे बघतील" असं लिहिलं होतं. कुणीही बघितलं नाही. शेजारचा माणूस रंगाचे डबे निवडत होता.

नवऱ्याचं मुखवटा प्रकरण अवघड गेलं. मुखवटा घालून तो भाजी काय करायची यावर बोलत होता, तरी माझे हात गार. तो बोलायचा थांबला की आकडा वाढायचा, बोलायला लागला की उतरायचा. म्हणून आता तो मधूनमधून मुद्दाम गप्प बसतो. काल आकडा आठवरून पाचावर आला आणि मी पडवळ म्हणाले.

दुकानात मात्र कानात गाणी लावून गेले होते. चालतं ना?

निवळी | १५ ऑक्टोबर

सुरुवातीला चालतं, पण ती कुबडी आहे. कानात गाणी होती म्हणून निभावलं, असं मेंदू लिहून ठेवेल. पुढच्या वेळी एक कान मोकळा, त्यापुढे दोन्ही. नवऱ्याचा हात, "सोबत कुणीतरी हवंच", चिंतेची गोळी घेऊन जाणं, हे सगळं त्याच जातीचं. स्पेसिफिक फोबियात गोळ्या हा मुख्य उपचार नव्हेच.

सर्वांसाठी: घरच्या घरी जमत नसेल, पॅनिक येत असेल, किंवा भीतीमागे खरोखरचा हल्ला वा अपघात असेल, तर एकट्याने हे करू नका. प्रशिक्षित माणसाबरोबर हे काम पुष्कळदा लवकर होतं. ओस्ट यांच्याच पद्धतीत एकाच, जास्तीत जास्त तीन तासांच्या सत्रात बरेच जण मोकळे होतात. आणि मागून येऊन "भ्वॉ" करणाऱ्या मित्रांना ही थेरपी नव्हे असं बजावून सांगा.

आंबटचुका | २ नोव्हेंबर

परवाची संध्याकाळ झाली. ताईंचं टेबल मांडलं. कंदील दारात, रांगोळी पायरीवर, मी रस्त्याच्या तोंडाशी शाल गुंडाळून. लेक बापाबरोबर गेली, शेपटीला चमकती पट्टी लावून. पहिला तास मजेत गेला. मधमाश्या, राजकन्या, एक दीड वर्षाचं भुईमुगाच्या शेंगेच्या वेशातलं बाळ.

मग एक उंच आकृती आली. पांढरा सपाट मुखवटा, डोळ्यांच्या जागी काळी जाळी. येऊन उभी राहिली, बोलेना. आकडा नऊ. खुर्चीचे हात घट्ट धरले, पण उठले नाही. इंग्रजीत विचारलं, "तू कोण झालायस?" त्याने सांगायला मुखवटा वर केला. कपाळाला घामाने चिकटलेले केस, दातांना तारा, तेरा-चौदाचा पोरगा. कुठल्याशा गेमचं नाव सांगितलं, मला कळलं नाही. मी म्हटलं छान. त्याने दोनच घेतली, आभार मानले, मुखवटा खाली केला आणि गेला. मुखवटा पुन्हा खाली आला तेव्हा आकडा चार होता. हे मी तिथल्या तिथे पेपर नॅपकिनवर लिहून ठेवलं.

अंधार पडता पडता मागच्या बाजूने कुणीतरी खेळण्यातली करवत सुरू केली, तेव्हा मात्र मी पूजेची वेळ झाली म्हणून आत पळाले. वेळ झाली होती, पण पळाले हे खरं. कोपऱ्यावरच्या गल्लीतून अजून गेलेले नाही.

शिमग्याचा_गडी | २ नोव्हेंबर

पोराने मुखवटा वर केला तो क्षण म्हणजे आमचा चहा पिणारा संकासुर. भावाला धागा वाचून दाखवतोय.

निवळी | २ नोव्हेंबर

उत्तम झालं. करवतीचं राहू द्या, आवाज ही तुमची दुसरी वेगळी शिडी आहे, तिच्यावर अजून कामच केलेलं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटी बंद करू नका. वर्षभर काही केलं नाही तर सप्टेंबरात भीती थोडी परत येते, त्यात नापास होण्यासारखं काही नाही. पण जानेवारीत, मार्चमध्ये, घरात, भर दुपारी, अधूनमधून सराव चालू ठेवलात तर पुढचं वर्ष फार सोपं जाईल. एकदोन मुखवटे आणि एखादं ओरडणारं खेळणं घरात असू द्या.

टेक्सासची_ताई | २ नोव्हेंबर

मग आजच जा. १ तारखेपासून सगळं निम्म्या किमतीला काढतात, आणि फार थांबलीस तर त्या फळ्यांवर ख्रिसमसचं सामान लागलेलं असेल.

आंबटचुका | २ नोव्हेंबर

निघतेच आहे, कानात काही न घालता. नवरा विचारतोय, किंचाळणारी चेटकीण स्वस्तात मिळाली तर आणायची का. म्हटलं आण, पण बॅटऱ्या माझ्याकडे राहतील.